वर्गणीचे बूट

सुभद्रेच्या मुलाला, जयवंतला, गिरणीच्या फुटबॉल संघाने मोठ्या पगारावर आणलं, तेव्हा परळच्या कामगारांनी कौतुकाने वर्गणी काढून त्याला बूट दिले. एरवी अनवाणी खेळणारा जयवंत त्या बुटांत दोन वर्षं नुसता चुकत राहिला. "फुकटचा पगार खातोय!" म्हणून तेच कामगार ओरडले. शेवटी गिरणीने त्याला काढून दुसरा खेळाडू आणला.

पुढच्याच महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या घरच्यांसाठी मदतीचा सामना झाला. जयवंत अनवाणी उतरला आणि त्याने तीन गोल मारले.

संध्याकाळी वर्गणी काढणाऱ्यांपैकी एक, गिरणीतले मुकादम शामराव जॉबर, सुभद्रेच्या खोलीवर आले. "वहिनी, बूट चावत होते तर पोराने बोलायचं तरी!"

"तुम्ही एवढ्या हौसेने दिलेले. कुठल्या तोंडाने बोलणार?" सुभद्रेने बूट त्यांच्या हातात ठेवले. "नव्याला द्या, भावोजी. पण आधी त्याच्या पायाचं माप घ्या."