चार्जिंगची पाचवी जागा

आमच्या मोशीच्या घरात रात्रीची जेवणं झाली की सगळ्यांच्या वस्तू चार्जिंगला लावणं हे माझं काम. कुणी नेमून दिलेलं नाही, पण दुसऱ्या कुणी लावलं की पिन वाकडी बसते असं माझं मत आहे. बोर्डावर पाच जागा. माझा फोन, बायकोचा फोन, मुलीचा फोन, तिचं घड्याळ आणि पाचव्या जागी तिची एक जांभळी, बोटाएवढी पट्टी. ब्लूटूथचं काहीतरी असेल असं समजून मी तीही इमानेइतबारे लावायचो. हिची बॅटरी फार लवकर उतरते, बदलून घे, असंही एकदा मुलीला सांगितलं. ती हो म्हणाली होती.

मुलगी कॉलेज सांभाळून पोलीस भरतीची तयारी करते. सकाळी मैदानावर आठशे मीटर धावते, मी कडेला उभा राहून वेळ मोजतो. या हिवाळ्यात वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. धाव संपता संपता तिला खोकला यायचा. बायकोने काढा दिला, मी दोष धुळीला आणि डंपरना दिला.

मग एका रविवारी ती पट्टी काढताना माझ्या बोटांना लिचीचा वास लागला. चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. चाकणच्या कंपनीत मी बाहेरून येणारा माल तपासतो, त्यामुळे सवय आहे. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, किंमत नाही. एवढंच होतं: दोन मिली, निकोटीन पाच टक्के.

बायकोला दाखवलं. तिने आधी पट्टीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे अहो, तुम्ही रोज पोरीला विडी पेटवून देत होता."

मुलगी आली तेव्हा तिने लपवाछपवी केली नाही. मारुंजीला खोली घेऊन राहणाऱ्या मैत्रिणीने आणून दिली म्हणाली. यात तंबाखू नसते, नुसती वाफ असते, आणि पाच टक्के म्हणजे काहीच नाही, असं तिचं म्हणणं. मला फुप्फुसातलं काही कळत नाही, पण टक्के कळतात. कागद पुढे सरकवून म्हटलं, दोन मिलीत पाच टक्के म्हणजे किती निकोटीन, तूच काढ. तिने काढलं. शंभर मिलिग्रॅम. मग मी न सांगताच तिने फोनवर निकोटीनबद्दल वाचायला घेतलं. कमी वयात सवय लवकर लागते, ठोके वाढतात, वगैरे. वाचून तिने फोन पालथा ठेवला.

"ही ई-सिगारेट आपल्या देशात बनवायला, आणायला, विकायला, साठवायला, सगळ्याला बंदी आहे," मी म्हटलं. "उद्या वर्दी घालून टपरीवर हीच पकडायची वेळ आली तर?"

"पकडीन." मग म्हणाली, "बाबा, खोकला हिच्यामुळेच असेल का?"

"माहीत नाही. डॉक्टरांना विचारू. पण ज्या मालावर बनवणाऱ्याचं नाव नाही, तो मी कंपनीच्या आत येऊ देत नाही."

डॉक्टरांकडे तिने स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी छाती तपासली, आधी हे बंद कर म्हणाले, आणि थोडे दिवस चिडचिड होईल असंही सांगितलं. ती झाली. बायकोने भाजलेल्या बडीशेपेची डबी तिच्या बॅगेत ठेवली, पण तरी घरात कुणाला सरळ उत्तर मिळेना. पट्टीत बॅटरी असल्यामुळे ती सुक्या कचऱ्यात टाकता येत नव्हती. मुलीने ती ई-कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकली. सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

आता खोकला बराच कमी आहे. वेळही खाली येऊ लागली आहे. आकडा सांगत नाही, भरती अजून व्हायची आहे.

परवा बायकोने मच्छर मारायची चार्जिंगची बॅट आणली. मी ती रिकाम्या पाचव्या जागी लावत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला. "बाबा, मागचं वाचलंत ना?"

वाचलं होतं. बॅच नंबर होता.