तीन सोमवारची इंजेक्शनं

लग्न होऊन मी साताऱ्याहून नवी मुंबईतल्या सारसोळ्याला आले, तेव्हा मला मासळी शिजतानाचा वाससुद्धा सोसत नव्हता. दिवस गेले आणि मी सासूबाईंकडे उठता-बसता चिंबोऱ्या मागायला लागले. त्या हसायच्या आणि पाट्यावर मसाला वाटायला बसायच्या.

तिसऱ्या महिन्यात आरोग्य केंद्रात नाव घातलं, रक्त दिलं. चार दिवसांनी सिस्टरांनी परत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुला सिफिलिस आहे. लैंगिक संबंधांतून लागणारा रोग."

"पण मला तर काहीच त्रास नाही!"

"पुष्कळदा बाहेरून कळत नाही. बाळाला मात्र पोटातच लागतो. तू वेळेवर आलीस, औषध आहे. दर सोमवारी एक, अशी तीन इंजेक्शनं. नवऱ्यालाही घेऊन ये."

नवरा रबाळ्याच्या एका कारखान्यात होता. संध्याकाळी त्याला सांगितलं, तर आधी म्हणाला, "रिपोर्ट चुकला असेल." मग खाली बघत, "लग्नाआधीचं आहे. मला वाटलं, गेलं."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण सोमवारी तो रजा टाकून आला आणि माझ्याआधी स्वतः इंजेक्शन घेतलं.

ते इतकं दुखायचं की मी लंगडत घरी यायचे. दुसऱ्या सोमवारी सासूबाईंनी विचारलंच. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्या बोंबील निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजी दोन पोरा पोटान गेली. कशान गेली, कोनी सांगला नाय. आमचे टायमाला रगत कोन बगत व्हता? तू एक पन सोमवार चुकवू नको."

तिसऱ्या सोमवारी त्या स्वतः बरोबर आल्या.

पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "बाळ ठणठणीत आहे," तेव्हा नवरा बाकावर बसून हमसून हमसून रडला. त्याला मनापासून माफ करायला मला दीडेक वर्ष लागलं.

सासूबाई आता नाहीत. त्यांची आठवण आली की तीच सकाळ डोळ्यांपुढे येते: सव्वा महिन्याच्या नातीला छातीशी धरून त्या आळीत दारोदार फिरतायत आणि प्रत्येकीला सांगतायत, "बग गो, पुऱ्या दिवसांची हाय!"