कंपनीसारखी सायकल

मल्लिनाथअप्पांनी वीस वर्षं सायकलीच्या फ्रेमा हातानं घडवल्या आणि एकीवरही आपलं नाव घातलं नाही. भूकंपानंतर सास्तूर नव्यानं वसत होतं. दुधाचे दोन-दोन कॅन लादले तरी वाकणार नाही, अशी सायकल लोकांना हवी होती. अप्पा जाड नळ्या कापायचे, पितळेची झाळ देऊन जोडायचे आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत कानशीनं घासायचे. वर बाजारातलं कंपनीचं स्टिकर लावायचे. "कंपनीचीच वाटती की," असं गिऱ्हाईक म्हणालं, की त्यांना जेवण गोड लागायचं.

एकच फ्रेम घासायची राहिली, बायकोची. शिवकांताबाईंना अंगणवाडीत रुजू व्हायचं होतं. त्यांनी ती तशीच ओढून नेली. "असू द्या ठिगळं. मला कुटं कुणाला दाखवायचीय?"

बाई जाऊन तीन वर्षं झाली. सायकल पत्र्याच्या खोलीत टांगलेली होती. यंदा माघात तुळजापूरची अक्षरा तिथं आली. ती बँकेत नोकरी करते आणि जुन्या सायकली जमवते. सांध्यांवरून बोट फिरवत ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"अप्पा, ही झाळ बघा. थेंबावर थेंब, सगळे एका मापाचे. कंपनीच्या लाखांनी निघाल्या, त्यांचं कुणाला काय? अशा फ्रेमा पुढं लोक काचेमागं ठेवतील. पुण्याला प्रदर्शन आहे. तुमच्या नावाची पाटी लावू. रविवारी गाडी घेऊन येते."

"पाटीवर हिचंबी नाव घालता येईल का?"

"का नाही? दोघांचं घालू."

पोरीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तिला विंचरल्याशिवाय कोण पुढं बसवतं? अप्पांनी तीन दिवस कानस चालवली. मग पॉलिश पेपर, मग हिरवा ऑइल पेंट. ट्रंकेत एक स्टिकर उरलं होतं, तेही लावलं.

रविवारी अक्षरा दारातच थांबली. "सायकल कुठंय, अप्पा?"

"ही काय."

ती खाली बसली. तिचं बोट सांध्यावरून सरकत गेलं, कुठंच अडखळलं नाही. "घासलीत?"

"लई खडबडीत होती, ताई. लोकांत न्यायची म्हणल्यावर…"

"मीच सांगायला हवं होतं."

"परत झाळतो. नळी हाय, पितळ हाय."

अक्षरानं मान हलवली. "ती दुसरीच होईल, अप्पा."

"आन पाटी?"

"कशाखाली लावू?" ती हळूच म्हणाली.

चहा न घेताच ती गेली. अप्पा नखानं स्टिकर खरवडत बसले. ते निघालं; खाली नुसता हिरवा रंग. मग त्यांना सांधे घासताना खाली पडलेल्या पितळेच्या किसाची आठवण झाली. ते उठून कोपऱ्यात गेले. पण पाहुणी येणार म्हणून शनिवारीच त्यांनी खोली झाडून काढली होती.