कोरडी डबी

दत्तोबांना "का?" विचारायची भारी खोड. चाकणच्या वर्कशॉपात हयात लेथवर गेली, पण सुपरवायझरने सांगितलं आणि यांनी मुकाट केलं, असं कधी झालं नाही. त्यापायी प्रमोशन हुकलं. पण जित्याची खोड, ती कुठली जाते!

लेक दीपमाला रसायनशास्त्रात संशोधन करते. कितीतरी वाट पाहिल्यावर तिला परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत प्रयोगाची संधी मिळाली. रसायन ठेवायला टायटॅनियमची डबी लागत होती, ती दत्तोबांनीच लेथवर काढली. मग काय, कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत प्रश्नांची सरबत्ती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना तिने उलगडून सांगितलं. तिच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना एकेकटे राहतात, एका घरातल्या दोन जावांसारखे. अबोला आहे की आतून सूत जुळलंय, ते बाहेरून कळत नाही. म्हणून म्यूऑन नावाचा चिमुकला कण आत सोडायचा. तो रेणूला चिकटतो, आतल्या चुंबकी ओढीने गिरक्या घेतो आणि क्षणात मरतो. मरताना एक कण बाहेर फेकतो. असे पुष्कळ कण कुठल्या दिशेला उडाले ते पाहिलं, की घरातली हकीकत कळते.

दत्तोबांचा घास हातातच राहिला. "आणि हा पाहुणा चुकून भलत्याच घरात उतरला तर?"

"तर त्या घराची बातमी आणेल, अप्पा. म्हणून तर डबी धुऊन कोरडी केलीय. तेलाचा डागसुद्धा नको, नाहीतर सगळा प्रयोग वाया."

दत्तोबांनी घास ताटात ठेवला. सकाळी टेबलावर ती डबी कोरडी ठणठणीत दिसली आणि त्यांना राहवलं नव्हतं. तेलाचा हात फिरवल्याशिवाय पार्ट बाहेर पाठवायचा नाही, ही वर्कशॉपची रीत. टायटॅनियमला गंज चढत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण हात आपसूक गेला. जन्मभर सगळ्यांना "का?" विचारणाऱ्या या माणसाने, बघा, त्या तेलाला तेवढं कधी विचारलं नव्हतं.

"दीपा, मी तेल लावलंय."

"झाकणाच्या आट्यांत पण?"

"आट्यांत आधी."

दीपमालाने कपाळाला हात लावला. मग लॅबमधून आणलेली ॲसिटोनची बाटली काढली. दोघं गॅलरीत बसून आटा न् आटा ब्रशने घासत राहिले. दत्तोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी तिने हातमोजे त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाली, "डबी पिशवीत तुम्हीच ठेवा."

त्यांनी ठेवली. त्यांच्या हातून पहिल्यांदाच पार्ट कोरडा बाहेर चालला होता. पिशवी बंद करता करता ते हळूच म्हणाले, "त्या जावांचं काय ते कळलं, की आधी मला फोन कर."