पत्रिकेची पट्टी

सुमन गेल्यावर मस्तगडातल्या आमच्या घरी खूप माणसं येऊन गेली. तिच्याबद्दल सगळ्यांशी बोललो. हे मात्र कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं होतं ते तिलाच—आणि तेच राहिलं.

सुमन, माझी बायको, फिजिक्स शिकवायची, मी मराठी. निवृत्तीनंतर तिनं जाफराबादहून पिनबॉलचं—पात्यांनी चेंडू उडवायच्या खेळाचं—एक मोडकं मशीन आणलं आणि पुढच्या खोलीत उघडून ठेवलं. दिवसभर ठोकाठोक. माणसानं वाचायचं तरी कसं? मी धुमसत बसायचो.

रिव्हेट, म्हणजे सांध्यात ठोकून बसवायची खीळ, ती बोटांनी निवडायची. दोन लोखंडी पट्ट्यांतून टोक किती बाहेर येतं ते अंगठ्यानं चाचपायची. आखूड असला तर धरत नाही. लांब असला तर ठोकताना भोकातच फुगतो, सांधा आवळतो. हलता सांधा असेल तर मध्ये जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी सरकवायची आणि ठोकून झाल्यावर ओढून काढायची. तेवढी फट राहिली की सांधा मोकळा फिरतो.

मग आजारपणातल्या औषधांनी तिची बोटं बधिर झाली. हातातला चहा गरम आहे का, तेही कळेना. चेंडू उडवणाऱ्या पात्याचा एक सांधा तेवढा राहिला होता. त्याचा रिव्हेट तिनं निवडला—किती वेळ चाचपत होती! हातोडी आणि पट्टी माझ्या हातात दिली.

“सर, पुस्तक पळून न्हाई जात. चार ठोके मारा, मंग वाचा.”

पट्टी मी पुस्तकात खूण म्हणून घातली. आणि ठोकलं. विसरलो म्हणू? रागात होतो, लवकर सुटायचं होतं. पातं हलेना.

“पट्टी घातल्ती ना?”

“घातली होती की.”

पुस्तक शेजारीच होतं. पट्टीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं.

तिनं रिव्हेटवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. “मंग माझंच माप चुकलं,” ती म्हणाली. “गेली बोटं.”

एका वाक्याचं काम होतं. रिव्हेट फोडून पुन्हा ठोकता आला असता. मी काय केलं? पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रिव्हेटचा डबा माळ्यावर ठेवायला लावला. मी ठेवलासुद्धा—स्टुलावर चढून, व्यवस्थित. पुढे ती तांदूळही निवडेनाशी झाली. “मला खडा कळत न्हाई,” म्हणायची. मशीनवर चादर पडली ती तिच्या शेवटापर्यंत.

परवा डबा काढला. जुना रिव्हेट ड्रिलनं फोडला, त्याच मापाचा दुसरा घेतला. पट्टी घातली, ठोकलं, पट्टी ओढली. पातं एका बोटानं फिरलं.

तिचं माप बराबर होतं. ती जिवंत असतानाही मला ते माहीत होतं.