मामाची मेंढरं आणि आबांची हाक

आमच्या ह्यांना हसायला फार लागतं. दौंडला स्टेशनजवळ सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. शनिवारी ड्यूटीवरून येताना हे तिथून एखादा विनोदी सिनेमा उचलून आणायचे आणि रविवारी जेवणं उरकली की घरातले सगळे टीव्हीसमोर. मी भांडी घासता घासता बघायचे. त्या वर्षांतल्या सिनेमांत एक माणूस हमखास असायचा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तोंड अर्धवट उघडं. तो शहरात येणार, काचेच्या दारावर आपटणार, साहेबाच्या खुर्चीत बसून मार खाणार. त्याला एवढंच काम. तो आपटला की हे मांडीवर थाप मारायचे आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

बरं, हसणारे कोण? धनगरच. माझं माहेर निमोण्याच्या वस्तीवरचं, आणि सासर काही आभाळातून पडलेलं नाही. सासरे रेल्वेत लागले, क्वार्टर मिळालं आणि घोंगडं माळ्यावर गेलं, इतकाच काय तो फरक. "अहो, तो आपलाच माणूस आहे की," मी म्हणायचे. "अगं, पिक्चर आहे," हे म्हणायचे, आणि पुढचं आपटणं बघायला वळायचे. ज्या माणसाला आपल्याच बापावर हसताना ठसका लागत नाही, त्याला काय सांगायचं? मी भांडी जरा जोरात आपटायचे. त्यांना वाटायचं, हिला पाणी कमी आलंय.

सासूबाईंच्या मालिका वेगळ्या. त्यातल्या बायका दागिने घालून झोपतात आणि उठतात तेव्हा केस विंचरलेले. गाव दाखवलं तर सगळ्या बायका नऊवारीत, आणि शेण कुणी काढत नाही. एवढ्या मोठ्या घरात म्हैस पिळते कोण, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "तुला चांगलं काही बघवत नाही." एकदा रेल्वेच्या हॉलमध्ये नाटक आलं होतं, खेड्यातल्या माणसाच्या दुःखावरचं. पुण्याची नटमंडळी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हाय" लावलं की आमची भाषा झाली, असा त्यांचा समज. नायक मेंढपाळ होता आणि त्याने काठी बगलेत छत्रीसारखी धरली होती. मध्यंतरात मी उठून घरी आले. तिकिटं ह्यांच्या साहेबाने दिली होती, म्हणून हे शेवटपर्यंत बसले.

तरी मी एक धरून होते. सिनेमा खोटा, मालिका खोटी, नाटक तर खोटंच. पण डॉक्युमेंटरी म्हणजे खरं. टीव्हीवर दुपारी हत्तींचं, समुद्राचं, बर्फातल्या माणसांचं काहीबाही लागायचं, ते मी हातातलं काम टाकून बघायचे. ते लोक कुणाला हसत नाहीत, जे आहे ते दाखवतात, अशी माझी समजूत. म्हणून भावाचा फोन आला की आबांवर डॉक्युमेंटरी काढायला पुण्याहून माणसं येणार आहेत, तेव्हा मी पिशवी भरली आणि माहेरी गेले.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून भावाकडेच असायचे. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की घाट चढून परत यायचं. मग कॅनॉलचं पाणी आलं, आमच्या तुकड्यात ऊस उभा राहिला, भाऊ रांजणगावला कंपनीत लागला आणि आबांनी मेंढरं विकली. रडले नाहीत, हसलेही नाहीत. "पाय बी दमलं व्हतं," एवढंच म्हणाले.

पण त्यांची हाक आमच्या सगळ्या भावकीत नावाजलेली होती. जीभ टाळूला लावून दोनदा टकटक, आणि मग खालून वर चढत जाणारा एक लांब सूर. प्रत्येक मेंढक्याची हाक निराळी असते आणि कळप ओळखतो तो आपल्याच माणसाची. लहानपणी घोड नदीच्या उतारावर आमचा आणि दुसऱ्या एका वाड्याचा, म्हणजे मेंढक्यांच्या तळाचा, कळप एकात एक मिसळलेला मी पाहिला आहे. पांढऱ्या-काळ्या पाठींचा नुसता गोंधळ. आबा पलीकडच्या काठावर उभे राहिले आणि त्यांनी एक हाक दिली. आमची मेंढरं त्या गर्दीतून बाजूला निघून पाण्यात उतरली. दुसऱ्याचं एकही आलं नाही. आईने माझा हात धरला होता आणि ती हसत होती, ते मला आबांच्या हाकेइतकंच आठवतं.

तर पुण्याची माणसं आली. जीपमधून. दिग्दर्शक तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड. "आबा, आबा" करत पाया पडला. वहिनीने चहा दिला तर म्हणाला, कपबशी नको, पितळी आहे का? पितळी नव्हती. मग टीव्हीची छत्री दिसते म्हणून ती बाजू टाळली. भाऊ कंपनीच्या बसमधून उतरून गणवेशातच आला, तर त्याला कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायला सांगितलं. आबांच्या हातातलं घड्याळ उतरवलं. आबांचा सदरा फार पांढरा आहे म्हणून जुना आणायला लावला आणि खांद्यावर घोंगडं टाकलं. "हे कशासाठी?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, ऑथेंटिक वाटायला हवं ना." माझं तोंड उघडलं होतं, पण आबांनी माझ्याकडे बघितलं. दारात आलेल्या पाहुण्याला उलट बोलायचं नाही. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले आणि पिठाला काय कळायचं ते कळलं.

मग त्यांना मेंढरं हवी झाली. आबांकडे दोन शेळ्या. शेवटी मामाचा कळप आणला. मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. त्याची वस्ती पलीकडच्याच माळावर, आणि तो अजून मेंढरं राखून होता. कळप रानात सोडला आणि दिग्दर्शक म्हणाला, "आबा, आता हाक मारा."

आबा म्हणाले, "ही मेंढरं मेव्हण्याची हायती. माझ्या हाकंला वळायची न्हाईत."

"वळू देत नाहीतर न वळू देत. मला फक्त तुमचा आवाज हवाय."

बाहेरच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्यात दुसऱ्याच्या कळपाला हाक घालत नाहीत. ते वंगाळ समजतात. कुणाच्या चुलीवर जाऊन आपण तवा टाकावा, तसं. आबांनी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "मारा की दाजी, पावनं एवढं म्हनत्यात तर. आपल्यात काय परकं हाय व्हय?" वहिनी माझ्या कानात म्हणाली, "कुणाची म्हैस आन् कुणाला उठबैस." मग आबांनी हाक मारली. पण पूर्ण गळ्याने नाही. मालक शेजारी उभा असताना त्याच्या मेंढरांवर पूर्ण गळा काढणं त्यांना जमेना. हलक्या आवाजात, आवरून, लाजल्यासारखी हाक मारली. मामाची मेंढरं चरत चरत दुसरीकडे निघून गेली. जाणारच. दिग्दर्शक म्हणाला, "वा! फार सुंदर." आबांना वाटलं, आवाज चांगला आला.

त्यानंतर बाजेवर बसवून त्यांनी आबांना बरंच बोलतं केलं. घाटातल्या वाटा, कोकणातल्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची तेव्हाचा करार, कोणता पाला खाल्ला की पोट फुगतं, कॅनॉल, ऊस, सगळं आबा बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जीप गेल्यावर मला म्हणाले, "बरं झालं. कुठंतरी ऱ्हाईल."

पुढच्या उन्हाळ्यात सीडी आली. मी दौंडहून आमचा प्लेअर नेला, हेही बरोबर आले. रविवारी दुपारी लाईट असण्याची वेळ बघून सगळी वस्ती भावाच्या पडवीत जमली. आबांना मध्ये खुर्ची दिली होती. त्यांनी धुतलेला फेटा बांधला होता.

डॉक्युमेंटरी सुरू झाली. माळ, धुळीचा लोट, बासरी. आमच्यात बासरी कुणी वाजवत नाही, पण असो. मग आबा दिसले आणि पोरं ओरडली. आबांचे ओठ हलत होते, पण आवाज आबांचा नव्हता. वरून एक पुणेरी आवाज बोलत होता, अगदी तोलून मापून. घाट नाही, कोकण नाही, पाला नाही. आबा जे बोलले त्यातलं एक वाक्य ठेवलेलं नव्हतं. मग तो माळ आला. आबांनी आपली आवरलेली हाक मारली. मेंढरांनी पाठ फिरवली आणि चालती झाली. कॅमेरा आबांच्या तोंडावर थांबला आणि तो आवाज म्हणाला की, ऊस आणि कारखान्यांच्या मागे लागलेल्या या माणसाला आता त्याची मेंढरंही ओळखत नाहीत.

पडवी हसली. आधी पोरं, मग मोठी. गावातला एकजण म्हणाला, "आबा, मेंढरांनी तलाक दिला की तुमास्नी!" आमचे हे पण हसले. मांडीवर थापसुद्धा मारली.

मामा उठून उभा राहिला. "आरं, ती माझी मेंढरं हायती! त्यांची कशी वळतील? मागं घे, मागं घे, दावतो." भावाने सीडी मागे घेतली. मामा पडद्याजवळ जाऊन बोट लावून दाखवायला लागला, ही माझी काळी, ही कान कापलेली. पण तोवर हाक परत आली, मेंढरं परत पाठ फिरवून निघाली, आणि सगळे दुप्पट हसले. मामाचं बोट तसंच पडद्यावर राहिलं. आबाही हसले, कारण घरात पाहुणे होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दौंडला परतल्यावर मी दिग्दर्शकाला फोन लावला. त्याने लगेच ओळखलं, आबांची तब्येत विचारली. मी म्हटलं, "ती मेंढरं आबांची नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"ताई, ते प्रतीक आहे."

"कशाचं?"

"एका संपत चाललेल्या जीवनाचं. लोक रडले हो तो शॉट बघून."

"आमच्याकडे हसले."

तो म्हणाला की, प्रत्येक प्रेक्षक वेगळा असतो. मी म्हटलं, "मेलेल्याचं प्रतीक करायचं तर मेल्यावर करा. आमचा बाप जिवंत आहे." आणि फोन आपटला. हे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, डॉक्युमेंटरी आहे." त्या दिवशी मी त्यांना वाढलं नाही. त्या विनोदी सिनेमातला घोंगडंवाला बरा, निदान तो पगार घेऊन आपटतो आणि संध्याकाळी घोंगडं उतरवून घरी जातो. आबांना तर घोंगडंही त्यांनीच चढवलं, आपटलंही त्यांनीच आणि वर दुःखही त्यांनीच केलं.

ती सीडी फिरली. शाळेत दाखवली, ग्रामपंचायतीत दाखवली. केंदूरच्या पाहुण्यांनी लग्नात आबांना गाठून म्हटलं, "बघितलं तुमाला. मेंढरं गेली न्हवं सोडून?" दरवेळी आबा आधी सांगायचे की मेंढरं मेव्हण्याची होती. मग अर्धंच सांगायला लागले. मग नुसती मान हलवायला लागले.

दिवाळीनंतर आबा माझ्याकडे दौंडला आले होते. दुपारी चहा पिताना मीच विषय काढला, कारण माझा राग काही निवला नव्हता. म्हटलं, "आबा, त्या माणसाला कोर्टात खेचायला पाहिजे. सरळसरळ खोटं दाखवलं."

आबांनी बशीतला चहा फुंकला. म्हणाले, "खोटं तरी कसं म्हनावं बाई? हाक माझीच हाय. मेंढरं जात्यात ते बी दिसतंय. इसरलो बी आसंन मी."

"आबा, ती मामाची मेंढरं होती. तुम्ही स्वतः म्हणालात."

"व्हय, म्हनलो व्हतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "पर आपली आसती तरी आली आसती का, कुनास ठावं."

मी घोड नदीचा उतार सांगितला. आई हसत होती, ते सांगितलं. आबा ऐकून घेत होते, दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसे. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या दिवसाची सीडी नव्हती, आई नव्हती, आणि ज्या मेंढरांनी आबांच्या बाजूने साक्ष दिली असती ती कधीच विकली गेली होती.