कॅलेंडरवरचे गोल

सुमनताईंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काही तारखांभोवती पेनाने गोल काढलेले होते. ज्या दिवशी घरात डाळ शिजली नाही, त्या दिवशी गोल. घरोघरी काय शिजतं याच्या पाहणीसाठी मी दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचे आणि विचारायचे, गेल्या महिन्यात किती दिवस डाळ केली नाही? पहिल्या खेपेला त्यांना आठवेना. दुसऱ्या खेपेपासून हे गोल सुरू झाले. "अंदाजानं सांगितलेलं बरं नाही ना, मॅडम."

त्या दिवशी माझी शेवटची खेप होती. आमची पाहणी परदेशी निधीवर चालायची आणि तो निधी संपत आला होता. पुढे सरकार चालवेल, असं ऑफिसात म्हणत होते. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना नोकरीचा घोर होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू. पण त्या कॅलेंडरसमोर बसल्यावर घोर वेगळाच होता. आम्ही विचारायचं थांबलो म्हणून काही डाळ शिजायला लागणार नव्हती. फक्त उद्या कुणी छातीठोकपणे म्हणालं, की घरोघरी सगळं ठीक आहे, तर ते खोडून काढायला हाताशी आकडेच उरणार नव्हते.

बिनदुधाचा चहा झाला. ही शेवटची खेप आहे हे आता सांगून टाकावं म्हणून मी कप खाली ठेवला, तेवढ्यात सुमनताईंनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. खिळ्याला दोरीने नवं पेन बांधलेलं होतं.

"पोरं पळवतात, म्हणून बांधूनच टाकलं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही कधीही या."